लाजराखणीचा गडू

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलायचे आणि माणसं ऐकून घ्यायची. पुढे बैल गप्प का झाले, ते माणसांनाच विचारा.

तर त्या काळी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि गावात तेलाचा एकच घाणा होता. दसऱ्याच्या सुमाराला तिळाची मळणी झाली, की प्रत्येक घर आपले तीळ घाण्यावर आणून घाली. तेल निघालं की ते ज्याच्या त्याच्या मडक्यात भरायचं आणि मडकं तिथेच फळीवर ठेवायचं. घरी तेल कोणी नेत नसे. घरी नेलं की उंदीर पितात, मांजर सांडतं आणि शेजारीण मागते, असा गावाचा अनुभव होता.

प्रत्येक मडक्यावर घराची खूण असे. कोणाची मासोळी, कोणाचा पोपट, कोणाचा विळा. तीच खूण कोरलेला लाकडी बिल्ला घरातल्या माणसाच्या गळ्यात असे. तेल हवं असलं की घाण्यावर जायचं, बिल्ला दाखवायचा आणि आपल्या मडक्यातून हवं तेवढं घेऊन यायचं. आठ पळ्यांचा एक गडू, एवढं पाठ असलं की पुरे.

हा घाणा एका बाईचा होता. सगळं गाव तिला मावशी म्हणे. तिची एक रीत होती. तेल काढण्याआधी ती मडक्यावर बोटाच्या पेराने ठोका मारायची. भरलेलं मडकं म्हणायचं, थप्प. अर्धं मडकं म्हणायचं, ठक. आणि रिकामं मडकं म्हणायचं, टण्ण!

हा टण्ण अख्ख्या रांगेला ऐकू जाई. पलीकडच्या गावातल्या म्हशीसुद्धा माना वर करून बघत, असं म्हणतात. मावशी म्हणायची, "मडकं बोललं हो!" रांग हसायची. ज्याचं मडकं बोललं, तो कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचा. मग हसू ओसरलं, की रांगेतलंच कोणीतरी म्हणायचं, "घे गं, आज माझ्यातलं घे पळीभर."

हे 'घे गं' लोक घरी पोचेपर्यंत विसरत. टण्ण मात्र वर्षानुवर्षं लक्षात ठेवत. माणसाचा कान असाच घडवलेला आहे, त्याला कोण काय करणार?

आता ही सगळी मडकी घडवली होती गावच्या कुंभाराने. आतून लाखेचा हात दिलेली, बाहेरून चिंचोक्यासारखी गुळगुळीत. सगळे त्याला आबा म्हणत. बायको गेलेली, लेक येसू सासरी. आबाचा कान असा तयार, की ठोका मारून मडक्यात किती पळ्या तेल आहे ते तो सांगायचा. एकदा त्याने तेलात पडलेली माशीसुद्धा ओळखली होती. ती नर होती की मादी, एवढं तेवढं चुकलं.

पण एकदा काय झालं, येसूचं लग्न ठरत होतं तेव्हा आबा होणाऱ्या व्याह्यांना घेऊन घाण्यावर गेला. मावशीने ठोका मारला आणि आबाचं मडकं व्याह्यांच्या तोंडासमोर वाजलं, टण्ण! व्याही भला माणूस. तो उलट म्हणाला, "मडकं खणखणीत आहे हो तुमचं." लग्न झालं, येसू सुखात नांदली. पण आबाच्या कानात तो टण्ण पाच वर्षं राहायला होता, आणि भाडंही देत नव्हता.

पुढे मावशीचे कान गेले. ठोका मारायची, पण ऐकू काही यायचं नाही. तेव्हा तिने शहरातून आपल्या बहिणीच्या मुलाला बोलावलं आणि घाणा त्याच्या हाती दिला. गाव त्याला भाचेबुवा म्हणू लागलं. भाचेबुवांचं बोलणं असं गोड, की ते उन्हात उभे राहून बोलले तर तोंडावर मुंग्या चढायच्या.

एक दिवस भाचेबुवा ओट्यावर उभे राहिले. हातात लाल दोऱ्यांचा गुंडा.

"मंडळी," ते म्हणाले, "चारचौघांत मडकं वाजवणं, ही काय माणुसकी झाली? आजपासून ज्याला लाज राखायची आहे, त्याने आपल्या बिल्ल्याला हा लाल दोरा बांधावा. मग त्याचं मडकं मी वाजवणार नाही. तेल संपलेलं असलं तरी हात आखडणार नाही. माझ्या मडक्यातून गुपचूप ओतीन. या कानाचं त्या कानाला कळायचं नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच भाचेबुवा पुढचं वाक्य बोलले. ते जरा हळू होतं आणि जरा भरभर होतं.

"आणि कमी पडलेल्या दर भांड्यामागे लाजराखणीचा एक गडू, तेवढा नव्या तेलातून वळता करून घेईन."

ते बोलले नाहीत असं मी म्हणणार नाही. बोलले. पण टाळ्या कोणी थांबवल्या नाहीत आणि "काय म्हणालात?" असंही कोणी विचारलं नाही.

पहिला दोरा आबाने बांधला. गाठ पक्की बसावी म्हणून गाठीवर बोटसुद्धा धरलं.

बघा गंमत. ज्या माणसाला नुसत्या ठोक्याने तेल मोजता यायचं, त्याने त्या दिवसापासून स्वतःच्या मडक्याला बोट लावलं नाही. वाजत नाही ना, मग असेल तेल, असं त्याने धरून टाकलं.

श्रावण सरत आला, पोळा आला. आबाकडे बैल नव्हता, गाढवं होती. पण घाण्याचा म्हातारा बैल दिवसभर डोळ्यांवर झापड बांधून गोल गोल फिरायचा, आणि पोळ्याला त्याच्या सोललेल्या खांद्याला तेल लावायचं भाचेबुवांना सुचत नसे. ते आबाला सुचायचं. शिवाय येसूला दिवस गेले होते. तिला कानवले खावेसे वाटत होते. तळायला घरात दुसरं कोण? आबाच.

तो तीन भांडी घेऊन घाण्यावर गेला. "पळीभर दिव्याला," तो म्हणाला, "पळीभर या बैलाच्या खांद्याला, आणि तीन पळ्या तळणाला."

"मोठ्याचा मान आधी," असं म्हणून हसत हसत भाचेबुवांनी तळणाचं भांडं पहिल्यांदा भरलं. मग दिव्याचं. मग बैलाचं.

कानवले असे झाले, की एक खाली पडला तर फरशीचा टवका उडाला. येसूने ते सासरी सगळ्यांना दाखवले आणि एकटीने खाल्ले.

त्यानंतर आबा आणखी तीनदा घाण्यावर गेला. एकदा चाकाचा खुंटा कुरकुरत होता म्हणून. एकदा खोकल्याने छाती भरली म्हणून. आणि एकदा येसू बाळंतपणाला येणार असा निरोप आला, त्या आनंदात देवापुढे दिवा लावायला म्हणून. प्रत्येक वेळी एकच पळी. मडकं एकदाही वाजलं नाही.

दसरा झाला. मळणी झाली. वर्षभर दिलेल्या गाडग्यामडक्यांच्या बदल्यात आबाला घरोघरून सूप सूप तीळ मिळाले. त्यांचं सहा गडू तेल निघालं. सहा गडू म्हणजे अठ्ठेचाळीस पळ्या. आबाने बोटांवर मोजलं, "चाळीस दिवस रोज एक पळी, माझ्या लेकीला नि तिच्या लेकराला. उरल्या आठ. त्या माझ्या कानवल्यांना."

येसू आली आणि आठव्याच महिन्यात बाळंत झाली. मुलगी झाली. वाटीत मावेल एवढी. सुईणीने तिला हातावर घेऊन बोटाने तिची कातडी चाचपली.

"आबा," ती म्हणाली, "आता नीट ऐक. ही घाईने आलीय. हिची कातडी अजून तुझ्या कच्च्या मडक्यासारखी आहे. चाळीस दिवस रोज तेल मुरलं पाहिजे, एक दिवस चुकता कामा नये. नाहीतर तडे जातील, आणि एवढ्या जिवाला तडा सोसायचा नाही."

आबा तसाच उठून घाण्यावर गेला.

भाचेबुवांनी त्याला बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं, "आबा, तुमच्या मडक्यात तीन पळ्या आहेत."

"तीन? अहो, परवा सहा गडू भरलं की!"

"हळू बोला, रांग आहे. पोळ्यापासून पाच भांड्यांना तुमचं तेल कमी पडलं. माझ्या मडक्यातल्या पाच पळ्या तुम्ही नेल्यात. त्या घेतल्या. आणि पाच भांड्यांचे लाजराखणीचे पाच गडू."

"पाच पळ्यांना पंचेचाळीस?"

"सांगितलं होतं की त्या दिवशी," भाचेबुवा म्हणाले, आणि ते खरंच होतं. "पण तुम्ही काळजी कशाला करता? दोरा आहे ना बिल्ल्याला? या रोज. मी ओतत जाईन. कोणाला कळायचंही नाही."

आबा तीन पळ्या घेऊन घरी आला. तेल कोमट करून त्याने बाळाच्या अंगाला लावलं. चिखल मळून मळून खरखरीत झालेले हात, म्हणून तळव्याने न लावता मनगटाच्या आतल्या मऊ बाजूने लावलं. बाळाने जांभई दिली.

"आबा, तेल पुरेल ना रे?" येसूने विचारलं.

"न पुरायला काय झालं? गावातली सगळी मडकी तुझ्या बापाची," आबा म्हणाला आणि भांडं धुवायच्या निमित्ताने बाहेर गेला.

असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी आबा घाण्यापाशी येऊन बसला. भाचेबुवा जेवायला गेले होते. बैल एकटाच फिरत होता.

"कुंभारदादा," बैल म्हणाला, "पोळ्याला माझ्या खांद्याला तेल लावलंस, ते कोणाचं होतं ठाऊक आहे का?"

"कोणाचं म्हणजे? माझं."

"तुझं नव्हतं. तुझ्या मडक्यात त्या दिवशी तीनच पळ्या होत्या. त्याने मोठं भांडं आधी भरलं, तिथेच तुझं मडकं संपलं. मग दिव्याचं कमी पडलं, एक गडू. माझं कमी पडलं, दुसरा गडू. तू मागितलंस त्या क्रमाने ओतलं असतं तर दिवा झाला असता, माझा खांदा झाला असता, आणि तळणाला एकदाच कमी पडलं असतं. एकाचे दोन केले त्याने."

"तुला रे काय दिसतं? तुझ्या डोळ्यांवर झापड."

"म्हणून तर ऐकावं लागतं. दुसरं करमणुकीला आहे काय इथे?" बैलाने एक फेरी पुरी केली आणि परत समोर आला. "माझी झापड त्याने बांधली. तुझी तू बांधून घेतलीस, लाल दोऱ्याची. वर गाठीला बोट धरलंस."

आबाने मान खाली घातली. "आता रे काय करू? रोज दोऱ्यावर तेल आणलं तर रोज एक गडू. पुढच्या दसऱ्याला तीळ येतील ते सगळे जातील, त्याच्या पुढच्याही दसऱ्याचे जातील."

"दोरा तोड. मडकं वाजव."

"सगळ्या रांगेदेखत? उद्या सकाळी अर्धं गाव असतं इथे."

"मडक्याचा आवाज येतो दादा," बैल म्हणाला. "पोरीच्या अंगाला तडा गेला तर त्याचा येणार नाही. तुला कुठला जड वाटतो ते तू ठरव. मला फेऱ्या आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा रांगेत उभा राहिला. रांग मोठी होती. पुढे साळूबाई होती. जिभेने सुपारी कातरणारी बाई ती, गावात तिच्या पुढे उभं राहायला कोणी धजत नसे.

आबाची पाळी आली. भाचेबुवांनी लाल दोरा बघून पळी उचलली.

"थांबा," आबा म्हणाला. त्याने दोरा दातात धरला आणि तोडला. "वाजवा."

"आबा, अहो लोक ऐकतायत," भाचेबुवा पुटपुटले.

"त्यांच्यासाठीच म्हणतोय." आणि भाचेबुवा हलेनात, तेव्हा आबा स्वतःच फळीपाशी गेला आणि त्याने पेराने ठोका मारला.

टण्ण!

पाच वर्षांपूर्वीचा तो टण्ण आबाच्या कानातून उठला, या नव्याच्या शेजारी येऊन बसला, आणि आबाला कळलं की दोघंही तेवढेच आहेत, वीतभर.

"अगं बाई!" साळूबाई ओरडली. "लय दिवसांनी ऐकलं हो! कोणाचं म्हणायचं हे? ज्याने गावाला मडकी दिली त्याचंच? आबा, तेल काय पितोस की काय?"

रांग हसली. आबाही कानापर्यंत लाल होऊन हसला.

"पीत नाही साळूबाई. येसूची पोर आठव्याच महिन्यात झालीय. चाळीस दिवस तेल लावायचंय. मी पाच पळ्या उसन्या घेतल्या आणि पंचेचाळीस देऊन बसलो."

साळूबाईचं हसू जागच्या जागी थांबलं. "आणि हे आज सांगतोस?" ती म्हणाली. "तोंड काय फक्त विडी ओढायला दिलंय तुला? भाचेबुवा, माझ्या मासोळीच्या मडक्यातली एक पळी घाला ह्याच्या भांड्यात."

"माझी एक," पोपटवाला म्हणाला.

"माझी एक."

"माझी."

"माझीही घाल रे बाबा."

पाच पळ्या झाल्या. मग पोपटवाल्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने आपल्या बिल्ल्याचा दोरा तोडला आणि म्हणाला, "आता जरा माझंही वाजवून बघा." दुसऱ्याने तोडला. तिसऱ्याने तोडला. टण्ण, टण्ण, ठक, टण्ण! थोड्या वेळात घाण्यावर असा घणघणाट झाला, की देवळातला पुजारी आरती सुरू झाली समजून धावत आला.

मावशी कोपऱ्यात बसली होती. तिला ऐकू काही आलं नाही, पण फळीवर तळवा टेकलेला होता आणि फळी थरथरत होती. ती उठली, एकेक मडकं हलवून बघत गेली. सगळी हलकी. शेवटचं मडकं भाचेबुवांचं. ते तिला हलवताही येईना.

"हे काय रे?" तिने विचारलं.

भाचेबुवांनी हातवारे करून सगळं समजावलं. "मी सांगितलं होतं सगळ्यांना, मावशी! खोटं नाही बोललो!"

मावशीने मान डोलावली. "मी बहिरी आहे. तुझं सांगणं मला ऐकू आलं नाही, ते ठीक. पण एवढ्या धडधाकट कानांच्या गावात एकालाही ऐकू आलं नाही, म्हणजे तू ते ऐकू न जाण्यासाठीच सांगितलं होतंस. परत ओत."

भाचेबुवांनी खाली मान घालून आधी आबाच्या मडक्यात ओतायला सुरुवात केली. एक गडू. दोन. तीन. चार. पाचव्याला आबाने मडक्याच्या तोंडावर हात ठेवला.

"हा राहू द्या. मी न विचारता हो म्हणालो होतो. एवढा माझ्या गाठीवर धरलेल्या बोटाचा."

मोजणारे मोजून घ्या. आधीच्या तीन पळ्या, चार गडूंच्या बत्तीस, आणि शेजाऱ्यांच्या पाच. चाळीस. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. कानवल्यांचं तेवढं राहिलं, आणि त्याबद्दल गावाने देवाचे आभार मानले.

चाळीस दिवस आबाने बाळाच्या अंगात तेल मुरवलं. एकही तडा गेला नाही. पोर अशी तुकतुकीत झाली, की कडेवर घेणाऱ्याच्या हातून निसटायची.

भाचेबुवांना मावशीने हाकललं नाही. सकाळी मडकी वाजवायची आणि पोळ्याला बैलाचा खांदा मळायचा, हे काम त्यांना दिलं. लाल दोराही ठेवला, कारण अडीनडीला तो लागतो. पण आता तो मागून घ्यावा लागे, ओततानाचा क्रम मागणाऱ्याचा असे, आणि दोरा बांधण्याआधी भाचेबुवांना लाजराखणीचा गडू तीनदा मोठ्याने ओरडून सांगावा लागे. तिसऱ्या ओरडण्यापर्यंत बहुतेक जण घरी गेलेले असत.

आणि आबा? त्याने नातीसाठी मातीचा खुळखुळा केला. आत एक भाजलेली गोळी. तो वाजवता वाजवता त्याला सुचलं, आणि त्या वर्षापासून त्याने गावच्या प्रत्येक मडक्यात तशीच एक गोळी टाकली. तेल भरपूर असलं की गोळी तेलात गप्प पडून राही. तेल चार पळ्यांवर आलं, की मडकं कलंडताच ती खुळखुळ वाजे. मडकं संपण्याआधीच सांगू लागलं, की बाबा, आता जरा बेताने.

तो आवाज ऐकला की आबाची नात रांगत रांगत घाण्याकडे निघे. तिला वाटायचं, गावातली सगळी मडकी आपल्याशीच खेळतायत. आणि टण्ण झालाच कधी, तर ती टाळ्या पिटायची. तिच्याबरोबर रांगही हसायची, ज्याचं मडकं वाजलं तोही हसायचा, आणि मग कोणीतरी म्हणायचं, "घे गं, आज माझ्यातलं घे पळीभर."

तात्पर्य: आपली उणीव झाकायला कोणी आपणहून पुढे आला, तर झाकणाची किंमत आधी मोठ्याने विचारावी, कारण वेळेवर ऐकलेला 'नाही' घटकाभर लाजवतो, पण न विचारता दिलेला 'हो' वर्षाचं तेल पिऊन जातो.